देणाऱ्याचे नाव

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी एक मिसल माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. मिसल म्हणावे असे तिच्यात फारसे नव्हते. एका संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा ठराव, एका सल्लागार कंपनीचे गुळगुळीत कागदावरील पत्रक, आणि चार नोंदवह्यांच्या काही पानांच्या प्रती, एवढाच तिचा ऐवज. संस्था लहान आहे, आमच्या सीमाभागातील आहे, आणि एक वस्तुसंग्रहालय चालविते. तिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. मंडळाचा प्रश्न एका ओळीचा होता: या चार वह्या एकत्र जोडून संग्रहालयाचे उत्पन्न वाढविले, तर त्यात कायद्याची काही अडचण आहे काय?

त्या चार वह्यांचे स्वरूप वाचकांस सांगितले पाहिजे, कारण पुढचा सर्व विचार त्यांच्यावरच उभा आहे. पहिली तिकिटांची. दुसरी वर्गणीदार सभासदांची. तिसरी, ज्यांनी घरातील जुन्या वस्तू संग्रहालयास दिल्या त्यांची. चौथी अभिप्रायांची, जीत शाळकरी मुले ‘फार आवडले’ असे लिहितात आणि निवृत्त शिक्षक दोन पाने भरतात. वह्या म्हटले ते सवयीने. आता हे सारे संगणकात आहे, आणि चारही ठिकाणी माणसाचा मोबाईल क्रमांक नोंदलेला असल्यामुळे त्या क्रमांकाच्या दोऱ्यात चारही वह्या एका क्षणात ओवता येतात. तशा ओवल्या म्हणजे कोण माणूस किती वेळा आला, कोणाबरोबर आला, कोणत्या दालनाविषयी त्याने लिहिले, घरातले काय दिले, कधी दिले, आणि पुढे किती देऊ शकेल याचा अंदाज बांधता येतो. कंपनीचे पत्रक याच्याही पुढे जात होते. प्रत्येक नावापुढे एक श्रेणी लिहावी, आणि श्रेणी पाहून कोणाकडे, केव्हा आणि किती मागावयाचे ते ठरवावे, अशी तिची योजना होती.

माझे पहिले मत योजनेला अनुकूल झाले, हे मी लपवीत नाही. संग्रहालयाचे दारिद्र्य मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. बिदरी काम म्हणजे जस्त आणि तांब्याच्या मिश्र धातूवर केलेले चांदीचे जडावकाम. किल्ल्यातील मातीच्या लेपाने त्या धातूला जो काळा रंग येतो, त्या काळ्यावर चांदी उठून दिसते आणि तोच त्या कामाचा प्राण. ओलीने तो रंग भुरका पडतो. आमच्याकडे पाऊस फार नसतो, पण छप्पर गळण्यास फार पाऊस लागत नाही. हुक्क्याच्या बैठकीवर पसरलेले भुरके डाग मी पाहिले आहेत, आणि ते घालविण्यास जाणकार माणूस आणावयाचा तर त्याला द्यावयास पैसे नाहीत, हेही पाहिले आहे. बिदरच्या किल्ल्यातील संग्रहालय जुन्या शाही हमामात आहे आणि कलबुर्गीचे जुन्या घुमटांत. पण त्यांच्यामागे निदान सरकार उभे आहे. खाजगी संस्थेच्या मागे तिचे आश्रयदातेच. महाराष्ट्रात पाहिले तरी गोष्ट निराळी नाही. मुंबईत राणीच्या बागेत १८७२ साली उघडलेले आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय लोकवर्गणीतून उभे राहिले, आणि त्या वर्गणीसाठी नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी आपल्या ओळखीपाळखी खर्ची घातल्या. कोणाकडे किती मागता येईल, हे त्यांना ठाऊक नसेल असे कोण म्हणेल?

मग आज संगणकाला तेच ठाऊक झाले म्हणून बिघडले कोठे? माझ्या टिपणाच्या पहिल्या मसुद्यात मी हेच लिहिले होते. दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाला ओळखतो. पंढरीच्या बडव्याला यजमानाच्या तीन पिढ्या पाठ असत. आमच्या गावच्या वाचनालयाचे जुने चिटणीस दसऱ्याच्या सुमारास वर्गणीस निघत तेव्हा कोणाचे ज्वारीचे पीक बरे आले, कोणाचा मुलगा पुण्यास नोकरीस लागला, कोणाच्या घरी सुतक आहे, हे सर्व त्यांच्या डोक्यात असे. सुतकाचे घर ते ओलांडून जात. तेव्हा आश्रयदात्यांविषयी माहिती बाळगणे हाच दोष असेल, तर सार्वजनिक काम करणारा प्रत्येक माणूस दोषी ठरेल.

हा युक्तिवाद मला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी मला माझाच एक अनुभव आठवला. वडील गेल्यावर आमच्या घरातील निजामकालीन काही सनदा आणि आजोबांची कलमदानी मी एका मोठ्या शहरातील संग्रहालयास दिली होती. देताना अर्ज भरला; त्यात वस्तू कोणाची, कशी आली, मूळ मालक केव्हा वारला, हे रकाने होते, आणि ते असणे योग्यच होते, कारण वस्तूचा पूर्वेतिहास नसेल तर ती वस्तू मुकी. पुढच्या वर्षी वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी मला दूरध्वनी आला. बोलणारी मुलगी अतिशय अदबशीर होती. आज आपल्या वडिलांचा स्मृतिदिन आहे, त्यांच्या नावे एका कपाटाचा खर्च आपण द्याल काय, असे तिने विचारले. तिचा काही अपराध नव्हता. तिच्यापुढे पडद्यावर तारीख आली होती आणि तारखेपुढे माझे नाव. मी पैसे दिले. परंतु दिल्यावर जे वाटले त्याला मराठीत मला अजून शब्द सापडलेला नाही. वडिलांची मृत्युतिथी मी त्या सनदांच्या इतिहासासाठी सांगितली होती. ती माझ्याकडे अशा वेषात परत येईल, हे मला कोणी सांगितले नव्हते.

येथे आमच्या चिटणिसांचा आणि त्या पडद्याचा भेद मला दिसू लागला. चिटणीस आम्हाला ओळखत तसे आम्हीही त्यांना ओळखत होतो. त्यांच्या मुलीचे लग्न कोठे अडले होते, त्यांनी कोणाचे देणे बुडविले होते, हे गावाला ठाऊक होते. ज्ञान दोन्हीकडून असल्यामुळे त्याला लाज होती. शिवाय ते विसरत असत, आणि एका माणसाने विसरणे हीसुद्धा दुसऱ्याला मिळालेली एक सवलतच असते. चार वह्यांची एक वही विसरत नाही, दहा वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या हाती गेली तरी तेवढीच ताजी राहते, आणि तिच्यापुढे बसलेल्या माणसाविषयी आपल्याला काहीच ठाऊक नसते.

आता कायद्याकडे वळतो. तो माझा धंदा आहे, आणि वाचकांनी थोडा कंटाळा सोसावा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली खरकसिंगाच्या खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या खऱ्या, पण खाजगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नव्हे असेच बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत निराळे पडले, ते अल्पमतात राहिले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो हक्क मान्य केला. ज्यांच्या अर्जावरून हे झाले ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, म्हणून आमच्या बाररूममध्ये त्या निकालाविषयी थोडा आपलेपणा आहे. त्यानंतर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या ठरल्या. या अधिनियमात एक दृष्टांत आहे. एका बाईने औषधाच्या दुकानात खरेदी केली आणि पैसे पोचल्याची पावती मोबाईलवर मागितली, तर दुकानदाराने तेवढ्या पावतीपुरता तो क्रमांक वापरावा. दृष्टांत साधा आहे, पण माझ्यापुढील मिसलीला तो बरोबर लागू पडत होता. तिकिटासाठी दिलेला क्रमांक तिकिटासाठी. सनदेचा इतिहास लिहिण्यासाठी दिलेली मृत्युतिथी त्या इतिहासासाठी. दुसऱ्या कामासाठी वापरावयाची तर त्या कामाचे नाव घेऊन पुन्हा विचारावयास हवे, आणि माणसाने दिलेला होकार त्याला काढून घेता आला पाहिजे.

या अधिनियमाने माहिती बाळगणाऱ्याला जे नाव दिले आहे ते मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याला मालक म्हटलेले नाही, साठेदार म्हटलेले नाही. ‘फिड्युशियरी’ म्हटले आहे, म्हणजे विश्वासाने बांधलेला. तो शब्द विश्वस्तनिधीच्या कायद्यातला. वकील मंडळींना याचे नवल वाटणार नाही. परकी वस्तू विश्वासाने हाती आली म्हणजे तिच्याशी कसे वागावे, याचा विचार कायद्याला नवा नाही. १८७२ च्या करार अधिनियमात ठेव म्हणून सोपविलेल्या मालाचा ठरल्याबाहेर उपयोग केला आणि त्यात मालाचे नुकसान झाले, तर भरपाई द्यावी लागते.

परंतु त्याहून फार जुना आधार आमच्या घराशेजारीच आहे. आमच्या जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, अकराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर गावाशीही त्याचे नाते सांगितले जाते. त्या ग्रंथाने पुढे बंगाल सोडून बहुतेक हिंदुस्थानच्या वारसाहक्कावर आठशे वर्षे राज्य केले, म्हणून वकिलांना तो वाटणीच्या दाव्यांपुरता ठाऊक असतो. पण व्यवहाराध्यायात ठेवीचेही एक प्रकरण आहे. पेटीत घालून, आत काय आहे ते न सांगता, दुसऱ्याच्या हाती सोपविलेल्या द्रव्याला तेथे उपनिधी म्हटले आहे. ते जसे दिले तसेच परत करावे. राजाने नेले, दैवाने नष्ट झाले, चोरांनी लुटले, तर ठेवणाऱ्याचा दोष नाही. मात्र ज्याच्याकडे ते ठेवले त्याने स्वतःच्या इच्छेने त्यावर उपजीविका केली तर तो दंडास पात्र, आणि मिळविलेल्या लाभासह ते त्याने परत करावयाचे.

चोराने नेले तर क्षमा आणि स्वतः वापरले तर दंड, हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. आपण आज माहितीची काळजी करतो ती बहुतांशी चोरांच्या भीतीने; कुलूप मजबूत आहे काय, एवढेच विचारतो. कंपनीच्या पत्रकातही कुलपाची वर्णने भरपूर होती. स्मृतिकाराची नजर चोरापेक्षा घरधन्यावर अधिक आहे. आणि पेटीची उपमा तर अशी चपखल, की जणू आजच्यासाठीच योजलेली. संग्रहालयात तिकीट काढणारा माणूस आपला क्रमांक देतो तेव्हा आपण पेटी देत आहोत हे त्याला ठाऊकही नसते; आत काय आहे ते दुसऱ्या तीन पेट्या शेजारी ठेवून उघडल्यावरच कळते.

अर्थात याला एक जबर आक्षेप आहे आणि तो मंडळातील एका तरुण सभासदानेच घेतला. तो म्हणाला, वकीलसाहेब, दान देणाऱ्याला आपले नाव हवेच असते. भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या पाहा, पायऱ्यांवर कोरलेली नावे पाहा. गोष्ट खोटी नाही. आमच्याच कलबुर्गी जिल्ह्यात, चितापूर तालुक्यात, भीमेच्या काठी सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जो बौद्ध स्तूप उकरून काढण्यात आला, त्याच्या दगडांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. अशोकाचे नाव कोरलेली त्याची प्रतिमा तेथे सापडली म्हणून ते स्थळ प्रसिद्ध झाले. पण मी तेथे गेलो तेव्हा माझे लक्ष राजापेक्षा त्या दात्यांकडे गेले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही आश्रयदात्यांची वहीच, आणि दगडाची. मात्र तेथे जे कोरले आहे ते जगाने वाचावे म्हणून कोरले आहे, आणि ज्याविषयी कोरले त्याला ते आपल्या दानाबरोबर जाणार हे ठाऊक होते. गोव्याच्या वाचकांना देवस्थानांच्या महाजनांच्या नोंदी आठवतील. १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीपासून त्या कायद्याने ठेवल्या जातात, आणि आपले नाव तेथे आहे की नाही यावरून लोक दावे लढतात. नाव वहीत असणे यात अपमान नाही. माझ्या मागे, मला न सांगता, माझ्या नावापुढे एक श्रेणी लिहिली जाणे ही वेगळीच वस्तू आहे. कनगनहळ्ळीच्या दगडावर दात्याच्या नावाखाली ‘याजकडून पुढील वर्षी दुप्पट मिळेल’ असे कोणी कोरले असते तर?

आणि उलट परंपराही आपल्याकडे आहेच. बेदरच्या दरबाराची सर्वांत प्रसिद्ध पावती कोणती, असे विचारले तर कोणताही मराठी माणूस मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सांगेल. दुष्काळात सरकारी कोठारे लुटवून दिल्यावर बादशहापुढे पैसे भरून रीतसर पावती घेऊन गेला तो विठू महार. मागाहून शोध केला तो सापडला नाही. कथेला इतिहास म्हणण्याचा माझा आग्रह नाही. पण लोकांनी शतकानुशतके जिच्यावर प्रेम केले त्या दानकथेत देणाऱ्याचा ठावठिकाणा लागत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचेच पाहा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर खेडोपाडी हिंडून वीस हजारांहून अधिक वस्तू जमविल्या आणि १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केल्या. संग्रहाला नाव दिले ते लहानपणी गेलेल्या मुलाचे. आणि स्वतः कविता लिहिल्या त्या ‘अज्ञातवासी’ या नावाने.

परदेशात काय झाले, तेही मंडळाला कळविणे माझे काम होते. अमेरिकेतील डॅलसच्या कलासंग्रहालयाने २०१३ साली प्रवेशशुल्क काढून टाकले आणि त्याच वेळी ‘मित्र’ म्हणून नाव नोंदविणारांची योजना काढली. पैशाऐवजी माणसाने आपला परिचय द्यावा, असा तो उघड सौदा होता, आणि उघड होता हा त्याचा गुण. इंग्लंडमध्ये २०१६ च्या डिसेंबरात तेथील माहिती आयुक्तांनी दोन मोठ्या धर्मादाय संस्थांना दंड केला आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये आणखी अकरांना. देणगीदारांना न सांगता त्यांच्या सांपत्तिक स्थितीचा छडा लावणे, त्यांनी न दिलेली माहिती इतरत्रून जुळविणे, असे त्यांचे अपराध होते. दंडाच्या रकमा लहान होत्या. संस्था चांगल्या होत्या, कामे चांगली होती. चांगले काम हाती असलेला माणूस आपण काय करतो आहोत याकडे कमी पाहतो, असे मला माझ्याही उदाहरणावरून वाटते.

एवढे असूनही मी कदाचित सौम्य सल्ला दिला असता. पण हा सीमाभाग आहे. संग्रहालयाच्या एका दालनात मोडी कागद आहेत, दुसऱ्यात फारसी फर्माने, तिसऱ्यात शरणांच्या मठांतील हस्तलिखिते. कोण कोणत्या दालनात रमतो, कोणत्या भाषेत अभिप्राय लिहितो, उरुसाच्या वेळी येतो की बसवजयंतीस, हे जोडले म्हणजे एका माणसाची भाषा, धर्म आणि बहुधा जातही त्या वहीत उतरते. कोणी न विचारता, त्याने न सांगता. १९४८ साली या जिल्ह्यांत काय झाले ते येथे विस्ताराने लिहीत नाही. पोलीस कारवाईपूर्वी गोरट्यास रझाकारांनी केलेले हत्याकांड आणि कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर कोसळलेले, पंडित सुंदरलाल समितीने नोंदविलेले संकट, ही दोन्ही आमच्या परिसराची आठवण आहे. आजोबा म्हणत, त्या वर्षी आपण कोण हे परक्याला ठाऊक नसणे हेच घर होते. नावे जुळविणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. पण वही पुढे कोणाच्या हाती जाईल याची हमी ती जुळविणारा देऊ शकत नाही. २००४ च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तो एका परदेशी ग्रंथातील आभाराच्या ओळींमुळे. आभार मानणाऱ्याने तरी वाईट काय चिंतिले होते?

मी मंडळाला तीन पानांचे मत दिले. वह्या वेगळ्याच ठेवाव्यात. वस्तू देणाऱ्यांची वही तर मागणीच्या कामासाठी कधीच उघडू नये. ज्यांना पत्रे हवीत त्यांना स्वतंत्रपणे, त्यांच्या भाषेत विचारावे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला पुन्हा विचारू नये. श्रेणी कोणालाच देऊ नये. तरुण सभासदाने मत वाचून एकच प्रश्न केला: आणि छप्पर? त्याचे उत्तर माझ्या कागदात नव्हते. विचारून घेतलेल्या होकारांतून जे येईल ते कमी येईल, हे त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. मंडळाने माझे मत दोन मतांच्या आधिक्याने स्वीकारले. छपरावर या वर्षी ताडपत्री आहे.

त्यानंतर एकदा कामानिमित्त तेथे गेलो होतो. एक वृद्ध बाई नातवाबरोबर बिदरी पानदान घेऊन आली होती. पानदान तिच्या सासूचे. लेखनिकाने रीतीप्रमाणे पूर्वेतिहास लिहून घेतला आणि नाव विचारले. ती म्हणाली, “नाव कशाला? भांडं तिथं राहू दे, झालं.” लेखनिकाने माझ्याकडे पाहिले, मी मान हलविली. नावाच्या रकान्यात त्याने आडवी रेघ ओढली. मोबाईलच्या रकान्यात मात्र संगणक रेघ घेईना, त्याला दहा आकडेच हवे होते. शेवटी त्याने संग्रहालयाच्या कार्यालयाचाच क्रमांक तेथे भरला. वार्षिक समारंभाचे निमंत्रण त्या बाईच्या नावे आता त्याच कार्यालयात येते, आणि तो लेखनिक ते वाचून फळ्यावर लावतो.